बारा हजारांची गुलबक्षी

नाव-गाव विचारू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत राहतो, 31 वर्षं पोस्टात काढली, आणि 11,950 रुपये मोजून गुलबक्षीचे सहा गड्डे विकत घेतले. हसून झालं की पुढे वाचा.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये लेकीकडे नेदरलँड्सला गेलो होतो. शेजारणीच्या कुंपणाशी पिऑनी नावाचं थंड देशातलं फूलझाड फुललेलं, जात ‘सारा बर्नहार्ट’. फिकट गुलाबी, पाकळ्यांवर पाकळ्या, स्वतःच्याच भाराने मान टाकलेली. फ्रान्समधल्या लमोआन यांनी 1906 साली काढलेली जात, एका नटीच्या नावाची. तेव्हापासून डोक्यात किडा होता. माणूस निवृत्त झाला की असले किडे वळवळतातच.

मग गेल्या ऑक्टोबरात फोनवर जाहिरात दिसली: ‘जुन्या युरोपीय जातींचे कंद’. मी लगेच भुललो असं नाही हं. विकणाऱ्याची तासभर उलटतपासणी घेतली. त्याला सगळं पाठ. ‘फेस्टिव्हा मॅक्झिमा’ 1851 ची, पांढरी, मधल्या पाकळ्यांवर किरमिजी शिंतोडे. ‘डचेस द नेमूर’ 1856 ची, पांढरीच, पण गाभ्यात पिवळसर हिरवट झाक आणि घमघमाट. मी पडताळून पाहिलं, शब्दन् शब्द बरोबर. माहिती खरी म्हणजे माल खरा, हे माझं गणित. आता कोणी सनावळ्या सांगू लागला की मी आधी खिसा चाचपतो.

त्याने पाठवलेल्या ‘फेस्टिव्हा’च्या फोटोत एकही शिंतोडा नव्हता. दिसलं होतं मला. म्हटलं, उजेडाचा दोष असेल.

तीन जातींचे दोन-दोन कंद, नग 1,450 प्रमाणे 8,700. पार्सलचे 450. आठवड्याने ‘माल कस्टम्समध्ये अडकलाय काका’ म्हणून आणखी 2,800. एवढे गेलेत तर हेही, म्हणून भरले. पैसे अडकले की माणूस त्यांच्यामागे आणखी पैसे पाठवतो. हे शिक्षण मला फार महागात पडलं.

आणि मग ते खोकं आलं. इथे मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. परदेशी पार्सलावर लागणारी कस्टम्सची हिरवी चिठ्ठी मी किती वेळा हाताळली असेन! या खोक्यावर ती नव्हती. बुकिंग आपल्याच राज्यातलं. परदेशी रोपं-कंदांना आयात परवाना लागतो, तिकडच्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे आणि कंद, बाकी काही नाही. पोस्टमन पोरगा माझ्याच हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, “साहेब, हे लोकल आहे.” मी म्हटलं, “मुंबईहून पुढे लोकलच होतं रे.” त्याला मी शिकवलं, आणि मीच त्याला गप्प केलं.

कंद काळे, गाजरासारखे निमुळते. पिऑनीच्या चांगल्या गड्ड्याला तीन ते पाच गुलाबी-लाल डोळे असतात, ते बघून घ्या. यांना एकही नव्हता. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “झोपलेत काका. पहिली दोन वर्षं फुलाची वाट बघू नका.” कमाल ही की हे पिऑनीबाबत खरंच आहे! नवं लावलेलं झाड बसायला दोन-तीन वर्षं घेतं. चोराला पळायला याहून लांब मुदत कोण देईल?

थंडीचं विचारलंच होतं. पिऑनीला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते, त्याशिवाय ती फुलावर येत नाही. हिमालयात रानटी पिऑनी आहे, ती उगाच तिथे नाही. आमच्याकडे जानेवारीत पहाटे एक चादर पुरते. यावर त्याचा उपाय: रोज रात्री कुंडीवर बर्फ. बंदरावरून रोज 20 रुपयांचा बर्फ आणला, 40 दिवस, म्हणजे 800. बर्फ मासळीचा. अंगणभर बांगड्याचा वास आणि कुंड्यांभोवती वाडीतली सगळी मांजरं. ही म्हणाली, “फुलं येतील ती तळूनच खाऊ.”

फेब्रुवारीअखेर पानं आली. पिऑनीचं पान विभागलेलं, बोटं फुटल्यासारखं. हे साधं, टोकाला निमुळतं, जोडी-जोडीने. तरी मी आशेवर. मग एका दुपारी चारच्या सुमारास पहिली कळी उघडली: गडद राणी रंग, कर्ण्यासारखी. शेजारची आजी काठी टेकत आली, वाकली. “अरे, गुलबक्षी ना ही? आमच्या न्हाणीमागे रान माजलंय हिचं.”

त्याचा नंबर बंद. बँकेत गेलो तर, “पिन तुम्हीच टाकलात ना?” हो, मीच टाकला; चोराने टाकला असता तर मी इथे कशाला आलो असतो? पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा “किती? बारा हजार? इथे लाखांची पडलीत”. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, त्यात फुलाचं नाव ‘प्याणी’. दुरुस्त करा म्हटलं तर, “फूल तर आलंय ना तुमच्याकडे? मग फसवणूक कसली?” कृषी कार्यालयात सांगितलं, आंबा-काजूचं असेल तर बोला. ग्राहक तक्रारीला समोरच्याचा पत्ता हवा; खोक्यावरचा पत्ता एका बंद गाळ्याचा निघाला. आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, “इतके दिवस काय करत होता?” बर्फ घालत होतो, साहेब!

पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी नंबरवर फोन करा. मी चार महिन्यांनी केला. कस्टम्सच्या नावाने कोणी खासगी नंबरवर पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा. आणि किनाऱ्यावर पिऑनी फुलवून देतो म्हणणाऱ्याला आधी त्याच्या अंगणातली दाखव म्हणा, व्हिडिओ कॉलवर, पानासकट.

सहाही कुंड्या आता भरून वाहतायत. कोणाला हवी असेल तर चारनंतर या, खणून न्या. पैसे नकोत.