वाहणारा कान: सीटी की एमआरआय?

काकूंचा कान वर्षभर वाहतोय, घाण वास येतो. डॉक्टरांना दुर्बिणीतून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पांढरा पापुद्रा दिसला. कोलेस्टिॲटोमाचं, म्हणजे कानात मृत त्वचा साचून वाढणाऱ्या गाठीचं, निदान तिथेच निम्मं झालं. आता मुलगा विचारतोय, सीटी की एमआरआय?

सीटी स्वस्त, काही मिनिटांत उरकतो. क्ष-किरण मात्र आलेच. हाड कुठे झिजलंय, ऐरण (मधल्या कानातलं इवलंसं हाड) शाबूत आहे का, चेहऱ्याच्या नसेवरचं हाडाचं कवच उरलंय का, हे तोच नीट दाखवतो. पण पू काय नि कोलेस्टिॲटोमा काय, त्यात दोन्ही सारखेच करडे.

एमआरआय महाग, वेळखाऊ, आणि तो खडखडाट! पण डिफ्युजन प्रकारात साचलेली मृत त्वचा पांढरीशुभ्र चमकते. 3 मिलिमीटरहून लहान गाठ मात्र निसटू शकते.

काकूंचं पहिलंच ऑपरेशन, म्हणजे सीटी. ऑपरेशननंतर पुन्हा उगवलंय का बघायचं असेल, तर नॉन-ईपीआय डिफ्युजन एमआरआय (डिफ्युजनचाच, चित्र कमी विकृत करणारा प्रकार). चिठ्ठीवर तसंच लिहून घ्या.