प्रेगाबालिनची ७५ची कॅप्सूल: मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरच्या आगीवर किती चालते, कशी घ्यावी

मणक्याला मार लागून मज्जारज्जू दुखावला की पुढे कित्येकांच्या मागे एक वेगळंच दुखणं लागतं. पायांची आग, तळव्यांत सुया, मांडीत अचानक सुटणारा करंट, कमरेभोवती आवळलेल्या पट्ट्यासारखी कळ. टाचणी टोचली तर कळत नाही, पण तोच पाय रात्री अकरा वाजता निखाऱ्यावर ठेवल्यासारखा जळतो. घरच्यांना हे पटायला वेळ लागतो. रुग्ण कांगावा करत नसतो. खालून येणारे संदेश तुटले की वरच्या नसा स्वतःच पेटतात आणि मेंदूला ते पायाचंच दुखणं वाटतं.

या दुखण्यावर मेडिकलमध्ये जे मिळतं, त्यात आमची पहिली पसंती साध्या प्रेगाबालिनला आहे. साध्या म्हणजे दुसरं काहीही न मिसळलेल्या. दुखणं ती पूर्ण घालवत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. मज्जारज्जूच्या दुखापतीच्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००६ साली छापून आलेल्या १३७ जणांच्या चाचणीत १२ आठवड्यांनंतर दुखण्याचा सरासरी आकडा दहापैकी साडेसहाच्या आसपासून ४.६ वर आला. खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांचा ६.३ वरच राहिला. साडेसहाचं साडेचार होणं म्हणजे रात्री चार-पाच तास सलग झोप आणि दिवसा व्यायामाला बसता येणं. ज्याला हे दुखणं आहे त्याला हा फरक मोठा वाटतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली या दुखण्यासाठी म्हणून प्रेगाबालिनला वेगळी मंजुरी दिली.

खांदा दुखतो म्हणून मात्र ही कॅप्सूल घेऊ नये. व्हीलचेअर ढकलून आणि पलंगावरून खुर्चीत सरकून खांद्याचे स्नायू झिजतात. ते हाडामांसाचं दुखणं आहे, त्याला प्रेगाबालिन लागू पडत नाही.

आता पाकीट. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘प्रेगाबालिन ७५’ लिहिलं तरी दुकानदार बऱ्याचदा ‘तेच आहे, घ्या’ म्हणून भलतंच देतो. नावापुढची शेपटी नीट वाचा. ‘एम’ किंवा ‘एमई’ असेल तर त्यात मिथिलकोबालामिन, म्हणजे बी-१२ आहे. ‘एनटी’ असेल तर नॉरट्रिप्टिलिन (उदासीवरचं, नसांच्या दुखण्यालाही दिलं जाणारं औषध) १० मिलिग्रॅम. ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ असेल तर औषध हळूहळू सुटणारी गोळी. ब्रँडनुसार शेपट्या बदलतात, म्हणून मागच्या चांदीच्या कागदावरचा बारीक मजकूर वाचलेला बरा. प्रेगाबालिन हे एकच नाव दिसलं तर ती साधी कॅप्सूल.

बी-१२ ची कमतरता असेल तर ते जरूर घ्यावं, पण दुखावलेला मज्जारज्जू त्याने जुळत नाही, आणि पैसे मात्र महिनोन्‌महिने जातात. ‘एनटी’ची अडचण याहून मोठी. या दुखण्यात डोस वाढवत न्यावा लागतो. प्रेगाबालिन ७५ वरून १५० करायला दोन कॅप्सूल घेतल्या की नॉरट्रिप्टिलिनही १० चं २० होतं, आणि त्यासोबत तोंडाची कोरड, बद्धकोष्ठ, लघवी अडकणं हेही वाढतं. मग नेमका त्रास कशाचा, हे डॉक्टरांनाही उलगडत नाही. दोन्ही औषधं लागणार असतील तर दोन वेगळ्या पाकिटांत मागा. हळू सुटणारी गोळी मोडायची किंवा चावायची नाही. शिवाय अमेरिकेत तिला जी मंजुरी आहे ती मधुमेहाच्या आणि नागिणीनंतरच्या नसांच्या दुखण्यासाठी, मज्जारज्जूच्या नाही. जनऔषधी केंद्रात साधी ७५ची कॅप्सूल मिळते. पैशांची ओढ असेल तर आधी तिथे विचारा.

डोसाचा ठरलेला रस्ता असा: ७५ मिलिग्रॅम सकाळ-रात्र. आठवडाभरात गरज वाटली तर १५० सकाळ-रात्र. त्यावर दोन ते तीन आठवडे काढूनही पुरेसा आराम नसेल आणि औषध सोसत असेल तर ३०० सकाळ-रात्र, म्हणजे दिवसाला ६००. त्यापुढे जायचं नाही. आपल्याकडे बरेच डॉक्टर सुरुवात याहूनही सावकाश करतात, पहिले काही दिवस फक्त रात्री एक ७५. उतारवयात आणि आधीच बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी गोळी) चालू असलेल्यांना ते बरं पडतं. हिशेब आधीच करून ठेवा: दोन वेळा एक या हिशेबाने दहाचं पाकीट पाच दिवस पुरतं. डोस १५० झाला की दोन-दोन ७५ घेण्यापेक्षा १५०ची कॅप्सूल लिहून मागा.

‘आम्हाला प्रेगाबालिन चाललंच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येक जण ७५ वर आठ दिवस थांबून सोडून दिलेले असतात. झापड आणि गरगर पहिल्या दोन दिवसांतच जाणवते, आराम पडायला आठवडा किंवा जास्त लागतो. म्हणजे वाईट आधी दिसतं, चांगलं मागाहून. वहीत रोज चार गोष्टी लिहा: सकाळचा दुखण्याचा आकडा, रात्रीचा आकडा, सलग झोप किती तास, दिवसा झापड किती. तीन आठवड्यांची अशी दोन पानं डॉक्टरांपुढे ठेवली तर डोस वाढवायचा की औषध बदलायचं, हे पाच मिनिटांत ठरतं.

वेळेचं गणितही आहे. उपाशीपोटी घेतलेली कॅप्सूल साधारण दीड तासात रक्तात शिखर गाठते. जेवणानंतर घेतली तर ते शिखर तीन तासांवर जातं आणि २५ ते ३० टक्क्यांनी खाली येतं. एकूण शोषलं जाणारं औषध मात्र तेवढंच राहतं. म्हणून सकाळची कॅप्सूल भरपेट नाश्त्यानंतर घ्या आणि पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर सरकण्याची कामं तिच्या आधी उरकून घ्या. नव्या डोसाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सरकताना कुणीतरी हाताशी हवंच. हाताने चालवायची गाडी असेल तर डोस बसेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नका.

दुष्परिणामांची यादी पाकिटातल्या कागदावर असते, पण ती चालत्या माणसाला धरून लिहिलेली. मज्जारज्जूच्या रुग्णाला तेच परिणाम वेगळ्या ठिकाणी नडतात. झापड आली की खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी बूड उचलायचं राहतं आणि बसल्या जागी दाबव्रण होतो. रात्री गाढ झोप लागली की ठरलेलं कॅथेटर चुकतं, मूत्राशय तट्ट भरतं. म्हणून पहिले पंधरा दिवस मोबाइलवर दोन्हींचे गजर लावा. बद्धकोष्ठ वाढतं, तेव्हा पोट साफ करण्याच्या नेमात पाणी, इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं रेचक डोस वाढवायच्या आधीच बसवून घ्या. वजनही वाढतं, चालत्या माणसाला चार किलो जड वाटत नाहीत, पण दोन हातांवर अंग उचलणाऱ्याच्या आणि त्याला उचलणाऱ्या आईच्या खांद्यांना ते रोज जाणवतात.

सगळ्यात जपायचं ते पायांच्या सुजेला. प्रेगाबालिनने पाय सुजतात, पण ती सूज बहुधा दोन्ही पायांना सारखी असते. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुसऱ्या पायापेक्षा घेर वाढला, तर ‘औषधाची सूज असेल’ म्हणून बसू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते किंवा सरकताना नकळत हाड मोडलेलं असू शकतं, आणि संवेदना नसल्यामुळे दुखून ते कळणार नाही. त्याच दिवशी दवाखाना. शिवणाची टेप घेऊन दर रविवारी गुडघ्याच्या खाली दहा सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्या मोजून लिहिल्या तर हा फरक वेळेत पकडता येतो.

किडनीबद्दल एक गोष्ट फार जण विसरतात. प्रेगाबालिन जवळजवळ सगळं लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं, म्हणून किडनीची ताकद कमी असेल तर डोसही कमी हवा. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते याचा आकडा, मिनिटाला ३० ते ६० मिलिलिटरच्या दरम्यान असेल तर निम्मा, त्याखाली आणखी कमी. आणि क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. पाय वाळलेल्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये ०.७ आलं म्हणून किडनी ठणठणीत आहे असं धरता येत नाही, आकडा फसवा चांगला दिसतो. वारंवार लघवीचा संसर्ग किंवा मूतखडे झाले असतील तर सिस्टॅटिन-सीची (किडनीचं काम स्नायूंवर फारसं अवलंबून न राहता दाखवणारी) रक्ततपासणी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. डोस न वाढवताही झापड वाढत चालली, हात थरथरू लागले, बोलणं अडखळू लागलं, तर औषध अंगात साचतंय अशी शंका घ्यावी.

सोबतच्या औषधांची यादी डॉक्टरांना संपूर्ण दाखवा. बॅक्लोफेन, टिझानिडिन (हीही ताठरपणावरचीच), झोपेची गोळी, ट्रॅमाडॉल (जोरदार वेदनाशामक), दारू, या सगळ्यांची गुंगी प्रेगाबालिनच्या गुंगीत मिसळते. मानेच्या पातळीवर दुखापत असलेल्यांचा श्वास आधीच तोकडा असतो, त्यांना हे जिवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये श्वासाबद्दल इशाराच दिला आहे. मन उदास होऊ लागलं, जीव नकोसा वाटू लागला, तरी तो औषधाचा परिणाम असू शकतो; त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा.

प्रेगाबालिनच्याच जातीचं गॅबापेन्टिन स्वस्त आहे आणि वाईटही नाही, पण दिवसातून तीनदा घ्यावं लागतं. शिवाय डोस वाढेल तसं त्याचं शोषण घटतं: दिवसाला ९०० मिलिग्रॅमवर साधारण ६० टक्के, ३६०० वर जेमतेम तिसरा हिस्सा. ॲसिडिटीचं पातळ औषध घेतलं तर त्यानंतर दोन तास जाऊ द्या आणि मग गॅबापेन्टिन घ्या. अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम रात्री, झोपेला आणि उदासीलाही मदत करतं, पण मूत्राशयासाठी ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिन चालू असेल तर कोरड आणि बद्धकोष्ठ दुप्पट होतं. अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिनसोबत (हेही उदासीवरचं आणि नसांच्या दुखण्यावरचं औषध) ट्रॅमाडॉल स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. गॅबापेन्टिन आणि प्रेगाबालिन एकत्र घेण्यात अर्थ नाही, दोघांची कामाची जागा एकच.

महिनोन्‌महिने ताब्यात असलेलं दुखणं अचानक उसळलं तर कॅप्सूल वाढवण्याआधी अंग तपासा. लघवी गढूळ आहे का, वास येतो का? पोट किती दिवस साफ नाही? कुल्ल्यावर, टाचेवर, माकडहाडावर लाल डाग? नख रुतलंय, पट्टा घट्ट झालाय? बहुतेक वेळा यातलंच काहीतरी सापडतं आणि ते काढलं की आग खाली बसते. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्याला ठणकणारं डोकं, वरच्या अंगाला घाम आणि चढलेलं बीपी असं एकत्र झालं तर आधी सरळ बसवा, कपडे सैल करा, कॅथेटर पिळलंय का पाहून मूत्राशय रिकामं करा. बीपी उतरलं नाही तर ताबडतोब दवाखाना. तिथे प्रेगाबालिनचं काही काम नाही. आणि दुखणं वर वर सरकू लागलं, हातांची ताकद कमी झाली, तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी होत नाही ना, यासाठी एमआरआय हवा.

बंद करायचं झालं तर एका झटक्यात करू नका. किमान आठवडाभर, आणि मोठ्या डोसावर असाल तर डॉक्टर सांगतील तसं त्याहून सावकाश, उतरवत न्यावं. अचानक तोडलं तर झोप उडते, मळमळतं, घाम फुटतो, काहींना झटकेही येतात. म्हणून घरात नेहमी दहा दिवसांचा साठा ठेवा. चिठ्ठीशिवाय हे औषध मिळत नाही, तेव्हा गणपतीत किंवा दिवाळीत गावी जाताना चिठ्ठीची प्रत पाकिटासोबतच बांधा.