तोंडातली बुरशी: द्रावण की गोळी?

केमो किंवा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली आणि जिभेवर पांढरा थर धरला, की बुरशीवर निस्टॅटिनचे द्रावण घ्यावे की फ्लुकोनॅझोलची गोळी?

निस्टॅटिनचे द्रावण रक्तात जवळजवळ शिरतच नाही, त्यामुळे इतर औषधांशी भांडण नाही. खटाटोप मात्र फार: दिवसातून ४ वेळा, ४ ते ६ मिली, जमेल तितका वेळ तोंडात घोळवून मग गिळायचे. कवळी न काढता घेतले तर तिच्याखालची बुरशी तशीच राहते. बऱ्याच द्रावणांत साखरही असते, दातांचे हाल.

फ्लुकोनॅझोलची गोळी दिवसातून एकदा, सहसा १०० ते २०० मिग्रॅ, ७ ते १४ दिवस. सोपी, जास्त खात्रीची. पण वॉर्फरिन (रक्त पातळ करणारे), टॅक्रोलिमस (अवयव प्रत्यारोपणानंतरचे) या औषधांचा परिणाम ती वाढवते. यकृतावरही लक्ष हवे.

थर हलका आणि गोळ्यांची आधीच गर्दी असेल तर निस्टॅटिन. थर दाट असेल किंवा प्रतिकारशक्ती फारच कमी असेल तर फ्लुकोनॅझोल, डॉक्टरांना चालू औषधांची यादी दाखवूनच. गिळताना दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. तिथे द्रावण पुरे पडत नाही.