उएदा ते सादो: टूरिंग सायकलचा साडेसात महिन्यांचा अनुभव

मार्चच्या शेवटी सायकल घेतली. नोव्हेंबरच्या मध्यावर डोंगरमाथ्यावर पहिला बर्फ दिसला, तेव्हा धुऊन-पुसून घरात घेतली. मीटरवर ३१४२ किलोमीटर झालेत. त्यातले सहाशेच्या आसपास सप्टेंबरमधल्या एकाच फेरीतले: नागानो प्रांतातल्या उएदाहून, जिथे मी नोकरीनिमित्त राहते, चिकुमा नदीच्या काठाकाठाने निइगाता, तिथून बोटीने सादो बेट आणि बेटाला पूर्ण वेढा. बाकीचे शनिवार-रविवारचे.

सायकल साधी आहे. क्रोमोलीची पोलादी फ्रेम, ३८ मिलिमीटर रुंद टायर, दोन्ही मडगार्ड, पुढेमागे कॅरियर. रिकामी चौदा किलो भरते. पुढे तीन चक्रं, त्यातलं सगळ्यात लहान २६ दात्यांचं. मागे नऊ, त्यातलं सगळ्यात मोठं ३४ दात्यांचं. हे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण या सायकलीचा जीव त्यात आहे. सगळ्यात हलक्या गिअरला पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.६५ मीटर सरकते. दुकानात हे ऐकून मला वाटलं होतं, इतकं हळू कशाला लागेल? पहिल्याच महिन्यात ओबासुतेच्या भातखाचरांचा चढ चढले आणि उत्तर मिळालं. बॅगा लादून, न उतरता, श्वास न तुटता वरपर्यंत गेले.

माझं ठाम मत झालंय की जपानमध्ये लांब सायकल चालवायची तर मुख्य रस्ता सोडून शेतरस्ता धरावा. त्याला इथे नोदो म्हणतात. ११७ नंबरचा महामार्ग नदीला धरूनच जातो, पण त्यावर ट्रक आहेत, बोगदे आहेत, आणि बोगद्यात कडेला सायकलीपुरतीसुद्धा जागा नसते. शेतरस्ता एका छोट्या पांढऱ्या केइ-ट्रकपुरता रुंद असतो. डांबर किंवा काँक्रीट, दोन्ही बाजूंना खाचरं, कडेने पाट. गाडी चालवायची बाजू आपल्यासारखीच, डावी, त्यामुळे सवय करावी लागत नाही.

या रस्त्यांचे धोकेही सांगते. पाटांना कठडा नसतो, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. पाट रस्ता ओलांडतो तिथे लोखंडी जाळी असते. काही जुन्या जाळ्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतात आणि बारीक टायर त्यात अडकतो. ३८ चा टायर एकदाही अडकला नाही. ट्रॅक्टरच्या चाकातून पडलेली चिखलाची ढेकळं पावसात साबणासारखी होतात. आणि समोरून शेतीचं वाहन आलं की आपण उतरून बाजूला उभं राहायचं, कारण रस्ता त्यांच्या कामासाठी केलेला आहे.

मे महिन्यात याच रस्त्यांवरून मी चिखलणी आणि लावणी पाहिली. लावणी सगळी यंत्रावर. भोरजवळ आमचं भाताचं शेत आहे. बाबांना व्हिडिओ पाठवला तर यंत्र राहिलं बाजूला, ते बांध बघत बसले. “बांध काय राखलेत गं,” एवढंच म्हणाले. खरंच राखलेले असतात. सकाळी सहाला गवत कापायच्या यंत्राचा आवाज सुरू होतो, आणि ते यंत्र खांद्याला लावून फिरणारा माणूस बहुतेक वेळा सत्तरीचा असतो. २०२० च्या शेतीगणनेत इथे प्रामुख्याने शेतीवर राबणाऱ्यांचं सरासरी वय ६७.८ वर्षं निघालं. पूर्ण फेरीत माझ्या वयाचं माणूस शेतात मला दिसलं नाही.

आता तक्रारी. पहिली कॅरियरची. विकणाऱ्या दुकानाने मागच्या कॅरियरचे बोल्ट नुसते आवळले होते, खाली स्प्रिंग वॉशर नव्हता. मलाही निघण्याआधी तपासायचं सुचलं नाही. त्सुनानजवळ नदी पायऱ्यापायऱ्यांची पठारं सोडत गेली आहे, त्यातली एक पायरी चढत असताना मागून खरखर ऐकू आली. डावा खालचा बोल्ट गळून पडला होता आणि कॅरियर आऱ्यांना घासत होतं. एक आरा तुटलाही होता.

शेजारच्या खाचरात कापणी चालू होती. कंबाइन थांबवून एक आजोबा बांधावर आले. “ओनेसान, काय झालं?” ओनेसान म्हणजे आपलं ताई. बोल्टची रिकामी जागा बघून ते काही न बोलता ट्रककडे गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत नट-बोल्टच. एकेक हाताने फिरवून बघायचे. आटे जुळले नाहीत की परत डब्यात. चौथा बसला. त्यांनी खाली स्प्रिंग वॉशर घातला, पान्याने आवळला आणि कॅरियर दोन्ही हातांनी धरून सायकल गदागदा हलवली. तुटलेला आरा मी शेजारच्या आऱ्याला गुंडाळला. चाकाला आऊट आला होता, म्हणजे ते फिरताना डगमगत होतं, तो बाजूचे आरे सैल-घट्ट करून ब्रेकला लागणार नाही इतका काढला. चाक ३६ आऱ्यांचं असल्यामुळे ३५ वर पुढचे दोन दिवस नीट निघाले. लांबच्या प्रवासाला कमी आऱ्यांचं देखणं चाक घेऊ नका, हे माझं कळकळीचं सांगणं.

पैसे विचारले तर त्यांनी हात हलवला. उलट त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे भात होतो का? मी आंबेमोहोर सांगितला, वासाचा, उंच वाढणारा, वाऱ्यापावसात आडवा होणारा. “मग हे बघा,” म्हणत त्यांनी खाचराचा कोपरा दाखवला. कोशिहिकारी लोळला होता. १९५६ साली नोंदलं गेलेलं हे वाण अजूनही जपानमध्ये सगळ्यात जास्त लावलं जातं, चवीसाठी; पण ताट उंच आणि नरम, ओंबी भरली की झुकतं. पडलेल्या भाताला कंबाइन एका बाजूने, अगदी सावकाश घालावं लागतं. त्यांनी मूठभर ताटं खालून उचलून दाखवली, आणि बाबा अगदी तशीच उचलतात.

दुसरी तक्रार बॅगांची. जलरोधक म्हणून घेतलेल्या मागच्या दोन्ही बॅगा जूनच्या पावसाळ्यात, त्सुयूत, शिवणीतून पाझरल्या. तेव्हापासून आत कचऱ्याची जाड पिशवी घालते. पुन्हा घेईन तर शिवण नसलेल्या, वरून गुंडाळून बंद होणाऱ्याच.

तिसरी मडगार्डची. पावसात त्यांच्यासारखं सुख नाही, पण जपानी रेल्वेत सायकल पिशवीत भरूनच न्यावी लागते. त्याला रिनको म्हणतात. लांबी-रुंदी-उंची मिळून २५० सेंटिमीटरच्या आत, वजन ३० किलोच्या आत. अखंड मागचं मडगार्ड असेल तर ते सोडवल्याशिवाय सायकल पिशवीत बसत नाही. निइगाता स्टेशनबाहेर मला चाळीस मिनिटं लागली. मधून दोन तुकडे होणारं मडगार्ड मिळतं, तेच घ्यावं.

टायरच्या व्हॉल्व्हबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. गावातल्या दुकानांतले पंप घरगुती सायकलींसाठी असतात, आणि त्यांचा व्हॉल्व्ह आपल्याकडच्या साध्या सायकलीसारखाच. माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा. पितळी ॲडॅप्टर नसेल तर पंप हातात असून हवा भरता येत नाही. हँडलच्या पिशवीत तो कायम ठेवा, आणि सोबत १०० येनची नाणी. शेताच्या कडेला बिनमाणसाच्या फळ्यांवर काकड्या, टोमॅटो ठेवलेले असतात. डब्यात नाणं टाकायचं आणि न्यायचं.

शाकाहारी असाल तर साध्या दिसणाऱ्या रश्शातही दाशी, म्हणजे माशाचा अर्क असतो. मी दुपारी ओनिगिरीवर, म्हणजे आत उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ घातलेल्या भाताच्या गोळ्यांवर, आणि फळ्यांवरच्या भाजीवर काढलं. मिचि-नो-एकि ही रस्त्याकडेची केंद्रं १९९३ पासून आहेत, आता बाराशेच्या वर. गावचा भाजीपाला तिथे मिळतो आणि शौचालय २४ तास उघडं असतं. एकटी बाई म्हणून मला याचा फार आधार वाटला. मुक्काम मात्र मिन्शुकुमध्ये, म्हणजे घरगुती खानावळवजा लॉजमध्येच केला. डोंगरात अस्वलांचे फलक आहेत, कॅरियरला घंटी बांधा.

सादोसाठी एक दिवस जास्तीचा ठेवा. बेटाच्या उत्तर टोकाकडचा नागमोडी झेड-चढ चढताना २६-३४ चा गिअर पुन्हा कामी आला. पण मला आठवतं ते मधलं कुनिनाका मैदान. तोकी म्हणजे आयबिस जातीचा पक्षी. मूळच्या जपानी तोकींपैकी शेवटची मादी २००३ मध्ये याच बेटावर मेली. चीनमधून आणलेल्या जोडीपासून वाढवलेल्यांपैकी दहा पक्षी २००८ मध्ये इथे मोकळे सोडले. त्यांना खायला मिळावं म्हणून शेतकऱ्यांनी औषधं कमी केली आणि काही खाचरांत हिवाळ्यातही पाणी ठेवायला सुरुवात केली. खाचराच्या आतच एक खोल चर काढतात, म्हणजे खाचरातलं पाणी काढून टाकलं तरी किडे-मासे त्यात तगतात. मी तो चर बघत उभी होते आणि चाळीसएक पावलांवर दोन तोकी कापलेल्या भातात चोच खुपसत होते. उडाले तेव्हा पंखांच्या आतला गुलाबी रंग दिसला.

या हिवाळ्यात चेन आणि ब्रेकचे गुटके बदलायचे आहेत, मडगार्ड बदलायचं आहे, मागच्या चाकाचे सगळे आरे नव्याने ताणून घ्यायचे आहेत. टायर अजून एक मोसम सहज काढतील. मे महिन्यात ओबासुतेच्या खाचरांत पाणी सोडतात, तेव्हा पहिली फेरी तिकडेच.