१९६८ ची एमजीबी रोडस्टर: चौदा महिने आणि ४,२०० मैलांनंतर

मागच्या वर्षी मार्चअखेर मी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली, दुसऱ्याने रिस्टोअर (दुरुस्त करून नव्यासारखी) केलेली. १९६८ ची मार्क टू (दुसरी आवृत्ती), उघड्या टपाची, फिकट पिवळी, तारांची चाकं, ओव्हरड्राइव्ह (टॉपच्याही वरचा जास्तीचा गिअर) असलेली. आम्ही इंग्लंडमध्ये डिडकॉटला राहतो. अ‍ॅबिंग्डनच्या ज्या कारखान्यात ही गाडी बनली तो इथून जेमतेम सहा-सात मैलांवर होता. १९८० साली तो बंद झाला. तोवर १८ वर्षांत पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या होत्या, म्हणूनच आजही हिचा जवळजवळ प्रत्येक पार्ट नवा मिळतो. जवळच्या विटनी गावात तर मूळ डाय (पत्र्याचे साचे) वापरून अख्खी नवी बॉडी बनवतात. जुनी गाडी घ्यायची आणि चालवायचीही, असं ठरवलं असेल तर ही गोष्ट फार मोलाची आहे.

घेण्याआधी तीन गाड्या बघितल्या. त्यातली एक लाल गाडी आरशासारखी चमकत होती. मालकाची परवानगी घेऊन एका बाजूने जॅक लावला, तर त्या बाजूचं दार उघडेना. तिथूनच परत फिरलो. एमजीबीला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार उचलते. रोडस्टरला वर छप्पर नाही, म्हणजे तो भार येतो दाराखालच्या सिलवर. हे सिल म्हणजे पत्र्यांची बंद पेटी असते आणि ती आतून गंजते. बाहेरचा पत्रा पुढच्या मडगार्डच्या आतपर्यंत गेलेला असतो. सिल नीट बदलायचं तर मडगार्ड उतरवावं लागतं, नाहीतर त्याचा खालचा तुकडा कापावा लागतो. घाईने काम उरकणारे गंजावरच नवा पत्रा चढवतात आणि रंग मारून मोकळे होतात. माझ्या गाडीसोबत फोटोंची जाड फाइल होती. मडगार्ड उतरवलेलं, सिल कापून काढलेलं, आतल्या पत्र्यावर वेल्डिंगचे टाके दिसतायत. मी पैसे मोजले ते त्या फाइलकडे बघून. चौदा महिन्यांत दारांच्या फटी तसूभरही बदललेल्या नाहीत.

बाकी सगळं मात्र जाहिरातीत लिहिल्यासारखं निघालं नाही. 'पूर्ण रिस्टोअर' असं छापलं होतं, पण पुढचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळत होते. हिला जुन्या पद्धतीचे, लिव्हरचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात आणि ते तेलाने ओले दिसले की बदलणं आलंच. पेट्रोलचे रबरी पाइपही जुनेच होते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) झालंय आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. पहिल्याच आठवड्यात पाइप बदलले, आणि आता टाकीत फक्त कमी इथेनॉलचं ई-५ भरतो. महाग पडतं, पण गरम इंजिनाच्या शेजारी पेट्रोल ठिबकणार असेल तर तिथे काटकसर करू नये.

रस्त्यावरचा अनुभव सांगायचा तर इंजिन १,७९८ सीसीचं, ताकद ९५ अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या हिशेबाने काहीच नाही. पण वँटेजहून डोंगराच्या कडेकडेने अफिंग्टनकडे जाणारा बी ४५०७ रस्ता आहे, त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी जी खुलते ती ताशी पन्नास मैलांच्या आतच. स्टीअरिंगला पॉवर नाही, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो. ब्रेक जोर लावून दाबावे लागतात. मोटरवेवर ओव्हरड्राइव्ह नसता तर मी ही गाडी घेतलीच नसती. ताशी ७० मैलांच्या वेगाला टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३,९०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, ओव्हरड्राइव्ह लावला की काटा ३,२०० पर्यंत खाली येतो आणि शेजारच्या माणसाशी बोलता येतं. घेताना तो लागतोय का हे चालवून बघा, नुसतं विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका.

त्याच बी ४५०७ वर जुलैत गाडी बंद पडली. पेट्रोल पंप विजेवर चालतो. चावी फिरवली की मागून टक-टक-टक ऐकू येतं आणि कार्बोरेटर भरले की थांबतं. त्या दिवशी टकटक आलीच नाही. मागच्या उजव्या चाकापाशी आडवा झालो आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पंपाच्या अंगावर हलकेच दोनदा ठोकलं. टक. मग टक-टक-टक. आतले पॉइंट (विजेचे संपर्क) काळे पडले होते. घरी येऊन पंप बदलला, पण ती स्क्रू-ड्रायव्हरची सवय आता कायमची.

ऑक्टोबरच्या पावसात डाव्या बाजूचा गालिचा भिजायला लागला. आधी टपावर संशय घेतला, काचेच्या रबरावर घेतला. शेवटी निघालं ते वेगळंच. काचेपुढच्या हवेच्या जाळीखाली एक कप्पा आहे, त्यातलं पाणी एका नळीने खाली जातं. ती नळी कुजलेल्या पानांनी गच्च भरलेली होती. तार घालून साफ केली आणि काम झालं. मी यावर तीन रविवार घालवले, तुमचे वाचावेत म्हणून लिहितोय.

ऑगस्टमध्ये बाबा सांगलीहून आले. त्यांनी बावीस वर्षं अ‍ॅम्बेसेडर चालवली, बरंचसं काम स्वतःच्या हाताने केलं. गाडी सुरू केली तसे ते अंगणातच थांबले आणि म्हणाले, "अरे, ही तर आपल्यासारखीच बोलतीय." बरोबर होतं त्यांचं. दोन्ही इंजिनं बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सीरिज घराण्यातली, अ‍ॅम्बेसेडरचं १,४८९ सीसीचं. दुसऱ्या दिवशी टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या आठ व्हॉल्व्हच्या फटी, सेट करायला बसलो. मी पुस्तक उघडलं, तर बाबांनी ते बाजूला ठेवायला सांगितलं. "नऊची बेरीज कर. आठवा पूर्ण दाबला की पहिला सेट कर, सहावा दाबला की तिसरा." इंजिन गरम, फिलर गेज (फट मोजायची पट्टी) १५ थाऊचा, म्हणजे इंचाच्या १५ हजारांशांचा, आणि पट्टी किती घट्ट सरकली पाहिजे हे त्यांनी माझा हात धरून दाखवलं. पुस्तकात आकडा मिळतो, ती घट्टपणाची जाणीव मिळत नाही. त्या दिवसानंतर इंजिनाचा आवाज आजतागायत बदललेला नाही.

खर्चाचं थोडक्यात. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही, आणि मोठे फेरफार केले नसतील तर एमओटीची (गाडीच्या वार्षिक तपासणीची) सक्तीही नाही. मी तरी दरवर्षी एमओटी करून घेतो, कारण खालून नीट बघणारा दुसरा माणूस हवाच. मायलेज गॅलनला २७ मैल. दर ३,००० मैलांनी पुढच्या किंगपिनना (चाकं ज्यावर वळतात त्या खिळींना) ग्रीस, दोन्ही बाजूंना तीन-तीन निपल. कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या तेलाच्या नळकांड्यात) तेल कमी झालं की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते, तेव्हा आधी तिथे बघा. चाकं काढाल तेव्हा हबच्या दात्यांनाही ग्रीस लावा, दाते झिजले तर ते काम स्वस्त नाही.

बघायला जाणार असाल तर लोहचुंबक आणि टॉर्च न्या. चुंबक सिलवरून आणि मडगार्डच्या खालच्या कडेवरून सरकवा, लांबीने (पुट्टीने) भरलेल्या जागी तो धरत नाही. फोटो मागा, मडगार्ड उतरवलेले. आणि विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन गार हवं, कारण सुरू होण्यातली खोड गार इंजिनातच कळते. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.