डीआरएस बंद, पूल गायब, आणि फाइल भलत्याच लॅपटॉपवर: रिसोर्स पूल वापरून झाल्यावरचा अनुभव

व्हीस्फिअर ८ (एका सर्व्हरवर अनेक आभासी कंप्युटर, म्हणजे व्हीएम, चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) वर रिसोर्स पूल, म्हणजे सर्व्हरची सीपीयू-मेमरी व्हीएमच्या गटांत वाटून देणारे कप्पे, बरेच महिने वापरतोय. शेअर्स (ओढाताणीत कुणाला किती प्राधान्य), रिझर्व्हेशन (हमखास मिळणारा वाटा), लिमिट (कमाल मर्यादा) ही वाटणीची साधनं. एवढं सांगून थेट भांडणावर येतो.

आमची मध्यम आकाराची पतपेढी. सर्व्हर अंधेरीच्या एमआयडीसीत, खर्चाचा हिशेब विचारणारे संचालक दादरला. एएमसीवाल्यांचा (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतलेल्या कंपनीचा) इंजिनिअर स्विच बदलायला आला. काम चालू असताना व्हीएम इकडून तिकडे हलू नयेत म्हणून त्यानं डीआरएस (क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटात, भार बघून व्हीएम हलवणारी सोय) चक्क बंद केलं. ऑटोमेशन मॅन्युअलवर टाकलं असतं तर डीआरएस नुसत्या शिफारशी करत बसलं असतं, पूलना धक्काही लागला नसता. बंद केलं की क्लस्टरमधले सगळे पूल उडतात आणि पुन्हा चालू केल्यावर आपोआप येत नाहीत. हे माहितीपुस्तकात स्वच्छ लिहिलंय. बंद करताना व्हीसेंटर (हे सगळं जिथून सांभाळतात ते मुख्य सॉफ्टवेअर) विचारतंसुद्धा की पूलच्या ट्रीचा (मांडणीचा) स्नॅपशॉट, म्हणजे नोंदीची फाइल, सेव्ह करायचा का.

पठ्ठ्यानं ‘होय’ दाबलं. इथपर्यंत शाबास. पण ही फाइल व्हीसेंटरमध्ये राहत नाही. ब्राउझर ज्या कंप्युटरवर उघडा असेल तिथं ती डाउनलोड होते. आमच्या क्लस्टरची सगळी मांडणी इंजिनिअरसाहेबांच्या लॅपटॉपमध्ये बसून लोकलनं घरी गेली!

बरं, कुणाला काही कळलंच नाही. व्हीएम चालूच राहतात, फक्त पूलबाहेर, क्लस्टरच्या मुळाशी येऊन बसतात. काउंटर चालू, रिपोर्ट चालू. मी तर म्हणायला लागलो होतो की हे पूल म्हणजे उगाच दिखावा, डीआरएस नसलेली स्टँडर्ड एडिशन घेऊन पैसे वाचवू. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर कायमस्वरूपी लायसन्स बंद होऊन वर्गणी आली, तेव्हापासून असे विचार वरचेवर येतात. मग महिनाअखेर आली. व्याज जमा करायचं बॅच आणि टेस्टिंगवाल्यांच्या व्हीएम एकाच वेळी सीपीयूवर तुटून पडल्या आणि बॅच रांगायला लागलं. शेअर्सचं असंच असतं. ओढाताण नसेल तर त्यांना काडीची किंमत नाही, आणि ओढाताण सुरू झाली की तेच सगळं ठरवतात. स्टँडर्डचा विचार तिथंच सोडला.

एएमसीवाल्यांना फाइल मागितली. उत्तर आलं, ‘पूल रिकव्हरी स्कोपमध्ये नाही’, आणि सोबत जीएसटीसकट कोटेशन. अहो, फाइल आमची, क्लस्टर आमचा, बंद केलं तुमच्या माणसानं, आणि मेलला अटॅचमेंट जोडायचे पैसे आम्ही द्यायचे? व्हीसेंटरचा फाइल बॅकअप आमच्याकडे होता, पण त्यातून नुसते पूल काढता येत नाहीत. नवीन अप्लायन्स (व्हीसेंटरची तयार व्हीएम) उभं करून अख्खं व्हीसेंटरच मागच्या तारखेला न्यावं लागतं. पूलसाठी एवढा उपद्व्याप कोण करणार? शेवटी मेलमध्ये संचालकांना सीसी केलं. फाइल तासाभरात आली, कोटेशनचं नावही कुणी काढलं नाही.

तरी रिस्टोअर होईना. अटी तीन: डीआरएस चालू हवं, स्नॅपशॉट त्याच क्लस्टरचा हवा, आणि क्लस्टरमध्ये दुसरा एकही पूल नको. आमच्या एका उत्साही सहकाऱ्यानं मधल्या काळात हातानं दोन पूल बनवून ठेवले होते. ते काढले (आतल्या व्हीएम वरच्या पातळीवर जातात, बंद पडत नाहीत), क्लस्टरवर राइट क्लिक करून ‘रिस्टोअर रिसोर्स पूल ट्री’ निवडलं, फाइल दिली आणि ट्री परत उभा राहिला. इतक्या शांतपणे की भांडणाची लाज वाटावी. नंतर कोणती व्हीएम कुठं आहे आणि परवानग्या कुणाला आहेत, हे मात्र एकेक करून तपासून घ्या.

आणि तपासताना दिसलं की मुळात तो जुना ट्रीच वाकडा होता. प्रॉडक्शन पूल ‘हाय’ म्हणजे ८००० सीपीयू शेअर्स, टेस्ट पूल ‘लो’ म्हणजे २०००. ऐकायला झकास. पण प्रॉडक्शनमध्ये ४० व्हीएम असतील तर ओढाताणीत प्रत्येकीच्या वाट्याला २०० येतात आणि टेस्टमध्ये चारच असतील तर प्रत्येकीला ५००. लाडकं कोण, बघा! आवृत्ती ७ पासून ‘स्केलेबल शेअर्स’ हा पर्याय आहे, त्यात पूलमधल्या व्हीएमप्रमाणे शेअर्स वाढतात. तो आपला आपण टिकमार्क करावा लागतो. केला, आणि पुढची महिनाअखेर गुमान पार पडली.

आता पॉवरसीएलआयची (व्हीस्फिअरला कमांड देण्याच्या साधनाची) छोटी स्क्रिप्ट रोज रात्री ‘गेट-रिसोर्सपूल’ चालवून नाव, पालक पूल, शेअर्स आणि रिझर्व्हेशन सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) लिहिते. व्हीएम कुठल्या पूलमध्ये आहे त्याची वेगळी सीएसव्ही. फुकटचं काम. त्यावरून पूल नव्यानं बनवताना ‘रिसोर्सेस’ नावाची ओळ वगळा, तो क्लस्टरचा मूळ पूल असतो.

एएमसीचं नूतनीकरण आलंय. मसुद्यात मी एक ओळ घातली: व्हीसेंटर फक्त आमच्या जंप सर्व्हरवरूनच (आमच्याच ताब्यातल्या मधल्या कंप्युटरवरून) उघडायचं. त्यांनी ती खोडून परत पाठवली. मी पुन्हा घालून पाठवलीये.