कॉल आला तर उचलायचा: ‘बी माय आईज’ या सेवेविषयी

माझ्या घरात, नात्यात किंवा रोजच्या उठण्या-बसण्यातल्या माणसांत कोणीही अंध नाही. तरीही गेली तीन वर्षे माझ्या फोनवर ‘बी माय आईज’ हे अ‍ॅप आहे. ज्यांच्याशी आपला प्रत्यक्ष संबंध कधी येत नाही अशा लोकांच्या उपयोगी पडण्याचे जे मार्ग मी आजवर पाहिले, त्यांत मला हा सर्वांत प्रामाणिक वाटतो. इथे मदत कोणाला, कधी आणि कशासाठी हवी हे मदत करणारा ठरवत नाही. ज्याला हवी असते तो मागतो, आणि मागेल तेवढीच द्यायची असते.

सेवेची रचना साधी आहे. दृष्टी नसलेली किंवा अधू असलेली व्यक्ती अ‍ॅपमधून कॉल लावते. तिची भाषा बोलणाऱ्या काही स्वयंसेवकांचे फोन एकाच वेळी वाजतात आणि जो आधी उचलेल त्याला तिच्या फोनच्या कॅमेऱ्यातले दृश्य दिसू लागते. दोघांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो. नाव-गाव सांगावे लागत नाही, फोन नंबर एकमेकांना कळत नाहीत आणि दोन्ही बाजूंना एक पैसाही मोजावा लागत नाही. ही कल्पना 2012 मध्ये मांडणारे डेन्मार्कचे हान्स यॉर्गन विबर्ग हे फर्निचरचे कारागीर असून त्यांची स्वतःची दृष्टी अधू आहे. अंध माणसे आपल्या नातलगांना व्हिडिओ कॉल करून अशी मदत आधीपासूनच घेत होती, हे त्यांना ठाऊक होते. आयफोनवर हे अ‍ॅप जानेवारी 2015 मध्ये आले आणि अँड्रॉइडवर 2017 मध्ये.

नातलग असताना परक्याला कशाला विचारायचे, हा प्रश्न मलाही सुरुवातीला पडला होता. पण दिवसातून चार वेळा बहिणीला किंवा मुलाला फोन करून ‘हे काय आहे ते सांग’ म्हणावे लागले, तर पाचव्या वेळी माणूस संकोचतो आणि ती गोष्ट तशीच राहू देतो. अनोळखी स्वयंसेवकाचे उपकार मनावर राहत नाहीत. त्याने कॉल स्वेच्छेने उचललेला असतो आणि काम झाले की तो निघून जातो. एरवी परकेपणा ही मदतीतली अडचण मानली जाते, इथे मात्र तीच मोठी सोय आहे.

मला आलेला पहिला कॉल गोळ्यांच्या स्ट्रिपचा होता. पलीकडच्या बाईंना तिच्यावरची मुदतीची तारीख हवी होती. चंदेरी कागदावर उजेड पडून सगळे पांढरे दिसत होते, म्हणून मी ‘जरा इकडे घ्या’ म्हटले आणि त्यांनी शांतपणे विचारले, “इकडे म्हणजे कुठे?” ज्याला माझा हात दिसत नाही त्याच्यासाठी ‘इकडे’ या शब्दाला काहीच अर्थ नाही, हे मला त्या क्षणी कळले. मग ‘फोन दोन बोटे वर घ्या’, ‘स्ट्रिप तुमच्या उजव्या हाताकडे किंचित कलती करा’ असे बोलत आम्ही कडेपर्यंत पोहोचलो. तारीख जिथे ठोकलेली होती नेमका तोच तुकडा आधीच्या गोळीबरोबर कापला गेला होता; शेवटचे दोन आकडे तेवढे उरले होते. जे दिसत होते ते मी सांगितले आणि महिना वाचता येत नाही हेही सांगितले. उरलेले मी अंदाजाने भरले असते तर त्या बाईंना ते तपासण्याचा काही मार्ग नव्हता. ‘दिसत नाही’ हे स्पष्ट सांगणे हा या कामाचा सर्वांत मोठा भाग आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

दुसऱ्या एका कॉलमध्ये एका गृहस्थांनी दोन सदरे समोर धरून निळा कोणता ते विचारले. डावीकडचा निळा, असे सांगून मी पुढे ‘पण दुसरा जास्त चांगला दिसेल’ अशी पुस्ती जोडली. त्यांनी तो सल्ला मागितला नव्हता. ते ‘आभारी आहे’ म्हणाले आणि कॉल संपला, पण त्यांच्या आवाजातला बदल मला अजून आठवतो.

नव्याने नाव नोंदवणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. मदत घेणाऱ्यांच्या तुलनेत स्वयंसेवकांची संख्या सुमारे दहा पट आहे, त्यामुळे कित्येक आठवडे फोन वाजत नाही, आणि वाजला तरी हातातले काम ठेवेपर्यंत दुसऱ्याने तो उचललेला असतो. यामुळे काही जण हिरमुसून अ‍ॅप काढून टाकतात. मला ते पटत नाही. स्वयंसेवक जास्त असल्यामुळेच अंध व्यक्तीला चटकन उत्तर मिळते, आणि सेवा कोणासाठी आहे हे लक्षात घेतले तर आपला फोन न वाजणे ही तक्रार होऊ शकत नाही.

2023 पासून छायाचित्राचे वर्णन करणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही या अ‍ॅपमध्ये आली आहे. रात्री-अपरात्री कोणालाही न उठवता पत्र वाचून घेता येते, शिवाय खासगी कागद परक्या डोळ्यांसमोर धरावा लागत नाही, म्हणून ही सोय मला मोलाची वाटते. पण अशी यंत्रे चुकीचे उत्तरही ठामपणे देतात, तेव्हा औषधासारख्या बाबतीत माणसाला विचारण्याचा पर्याय हाताशी असणे आवश्यकच आहे.

या सेवेची मर्यादाही त्या स्ट्रिपवरच दिसते. युरोपीय संघाच्या 2004 च्या निर्देशानुसार औषधाच्या बाहेरील वेष्टनावर त्याचे नाव ब्रेलमध्ये असावे लागते, परंतु मुदतीच्या तारखेला ती सक्ती लागू नाही. म्हणजे डबीवर बोट फिरवून औषध ओळखता येईल, पण ते आज घ्यावे की नाही यासाठी कोणाचे तरी डोळे लागतीलच. पुस्तकांच्या बाबतीत 2013 चा मराकेश करार हे दाखवून गेला की नियम बदलला तर अडथळा मुळातून कमी होतो. त्या करारामुळे, सहभागी देशांत, दृष्टिहीनांना वाचता येईल अशी प्रत प्रकाशकाच्या परवानगीविना तयार करता येते. माझ्या दोन मिनिटांच्या कॉलने यातले काही बदलत नाही. म्हणून एखादे संकेतस्थळ किंवा यंत्र अंधांना वापरता येत नाही अशी तक्रार अंधांच्या संघटना करतात, तेव्हा तिच्याखाली सही करणे हेही मी याच कामात धरते.

ज्यांना मदतीनंतर ओळख, छायाचित्र किंवा पुढची हकिगत हवी असते, त्यांना ही सेवा रुचणार नाही. बाकी कोणीही नाव नोंदवावे. मात्र आधी घरातल्या कोणाला तरी डोळे मिटून फोन धरायला सांगावे आणि ‘इकडे’, ‘तिकडे’ हे शब्द न वापरता त्याच्याकडून एखाद्या औषधाच्या बाटलीवरची तारीख कॅमेऱ्यासमोर आणून दाखवावी. मला हा सराव तीन वेळा करावा लागला.